आडेनाउअरवरची ऑडिओ मालिका: घ्या, पण सार प्रांताचा भाग एवढा पळवला का ओ?

घेऊ का नको विचारणाऱ्यांसाठी आधीच सांगतो, घ्या, पैसे वसूल आहेत. मी साडेतीन स्टार देणार होतो पण इथं अर्ध्याची सोय नाही म्हणून तीनच टाकलेत, अर्धा का कापला ते खाली येतंय, जरा लांब झालंय, सांभाळून घ्या.

जर्मन पुढारी म्हटलं की आपल्याकडं सगळ्यांना एकच मिशीवाला माहीत, त्याच्यानंतर तो मोडलेला देश कुणी उभा केला हे कुणी सांगतच नाही. ही मालिका त्याच माणसाची, कोनराड आडेनाउअर. जन्म १८७६चा, कोलोन शहरातला, कॅथलिक घरचा, एकदम जुन्या वळणाचा, नवीन काही आलं की आधी शंका घेणारा. १५ सप्टेंबर १९४९ला पश्चिम जर्मनीचा पहिला चॅन्सलर, म्हणजे तिथला पंतप्रधानच, झाला तेव्हा वय ७३! संसदेत पाहिजे होती २०२ मतं, मिळाली बरोबर २०२, आणि त्यातलं एक स्वतःचंच. मी फार काळ नाही राहणार, डॉक्टर म्हणतायत एखाद-दोन वर्षं जमेल असं पक्षातल्या लोकांना सांगून बसला आणि १४ वर्षं हलला नाही. हा प्रसंग निवेदिकेनं काय रंगवलाय, मला बसमधे एकट्यालाच हसू फुटलं.

पण खरी मजा त्याच्या आधीच्या भागात आहे, कोलोनच्या महापौरकीच्या. पहिलं महायुद्ध चालू, इंग्रजांनी समुद्र अडवलेला, पीठ मिळेना. हा तेव्हा शहराच्या कारभारात, अन्नपुरवठा ह्याच्याकडं. मग ह्यानं बेकरीवाल्यांना हाताशी धरून मका, बार्ली आणि तांदळाचं पीठ मिसळून ब्रेड काढला आणि त्याचं चक्क पेटंट घेतलं. नंतर सोयाबीनचं सॉसेज, म्हणजे मटण कमी आणि सोया जास्त, त्याचं पेटंट जर्मनीत नाही मिळालं पण १९१८ला इंग्लंडमधे मिळालं, युद्ध ज्यांच्याशी चालू त्यांच्याकडंच! हा भाग मी घरात मोठ्यानं लावलेला, आई पोळ्या लाटत होती, म्हणाली आमच्या लहानपणी रेशनवर तो तांबडा मिलो यायचा, त्याच्या भाकऱ्या कशा व्हायच्या ते आम्हालाच माहीत, तुझ्या त्या जर्मनांनी पण हेच खाल्लं म्हण की. त्याच काळात १९१७ला ह्याची गाडी ट्रामवर आदळली, तोंडाची हाडं मोडली, चेहरा कायमचा बदलला, आणि त्याच वर्षी ४१व्या वर्षी महापौर. मग विद्यापीठ परत सुरू केलं, शहराभोवती झाडांचा हिरवा पट्टा राखला, कोलोन ते बॉन मोटाररस्ता १९३२ला उघडला. तेव्हा हिटलर सत्तेत यायचा होता, ते रस्ते त्यानंच आणले म्हणणाऱ्यांना हा भाग पाठवा.

१९३३ला नाझींचे झेंडे पुलावरून उतरवायला लावले म्हणून खुर्ची गेली, पैसे अडकले, शाळेतला दोस्त एका मठाचा मुख्य होता त्याच्याकडं वर्षभर लपून राहिला. १९४४ला परत धरला आणि ठेवला कुठं, तर कोलोनच्या प्रदर्शन मैदानावरच्या हॉलमधे, जे ह्यानंच महापौर असताना बांधून घेतलेले. बायकोला, गुसीला, पोलिसांनी धरून नवरा कुठं लपलाय ते वदवून घेतलं, ती त्यातून सावरलीच नाही, १९४८ला गेली. इथं मागं व्हायोलिन वाजवायची काहीएक गरज नव्हती, निवेदिकेचा आवाज पुरेसा होता. युद्ध संपल्यावर अमेरिकन लोकांनी परत महापौर केलं तर काही महिन्यांत इंग्रज आले आणि त्यांनी नालायक म्हणून काढून टाकलं. थंडीत सरपणासाठी हिरव्या पट्ट्यातली झाडं तोडा म्हणत होते, हा तोडू देईना, हे त्यातलं एक कारण. इंग्रजांनी काढलं म्हणूनच तर हा पक्ष बांधायला मोकळा झाला, नाहीतर महापौर म्हणूनच रिटायर झाला असता, असं मला वाटतं.

चॅन्सलर झाल्यावर मात्र मालिका त्याची आरतीच ओवाळते. इस्रायलला तीन अब्ज मार्क द्यायचा १९५२चा करार चांगला सांगितलाय, स्वतःच्याच बाजूची माणसं कुरकुरत होती आणि विरोधी समाजवाद्यांनी मतं दिली म्हणून तो संसदेत पास झाला हे मला माहीत नव्हतं. १९५५ला मॉस्कोला जाऊन जवळजवळ दहा हजार कैदी सोडवून आणले तोही भाग मस्त. पण ग्लोबके? ज्यानं ज्यूंच्या विरोधातल्या कायद्यांवर भाष्य लिहिलं तो माणूस ह्याच्या ऑफिसचा प्रमुख होता १९५३ ते १९६३, आणि मालिकेत त्याला दोन वाक्यं. १९६२ला एका साप्ताहिकाच्या संपादकाला आत टाकलं त्यावरून सरकार हललं, तेही उरकून टाकलंय. म्हातारा मोठा होता म्हणून त्याची लफडी झाकायची काय गरज?

आता सार प्रांत. आमच्या बेळगावकडच्या कुणीही हा भाग कान टवकारून ऐकला असता, आणि तोच ह्यांनी चहा व्हायच्या आत संपवलाय.

थोडक्यात सांगतो. युद्धानंतर सार हा कोळशाचा मुलूख फ्रान्सनं वेगळा काढला. लोक जर्मन बोलणारे, चलन फ्रान्सचं, ऑलिम्पिकला वेगळा संघ, फुटबॉलला वेगळी टीम, ती १९५४च्या वर्ल्डकपच्या पात्रता फेरीत पश्चिम जर्मनीविरुद्धच खेळली. १९५४ला आडेनाउअरनं फ्रान्सशी ठरवलं की सार ना तुमचं ना आमचं, युरोपच्या देखरेखीखाली राहू दे, पण लोकांना विचारू. आणि स्वतः भाषणात सारच्या लोकांना सांगितलं, हो म्हणा. २३ ऑक्टोबर १९५५ला मतदान झालं, ६७.७ टक्के लोकांनी नाही म्हटलं. मग फ्रान्सनंही ते मानलं, मोझेल नदीचा कालवा वगैरे पदरात पाडून घेतलं, २७ ऑक्टोबर १९५६ला लक्झेंबर्गला सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९५७ला सार जर्मनीत.

तारखा बघा. इकडं राज्यांच्या हद्दी ठरवणाऱ्या फाजल अली आयोगाचा अहवाल आला सप्टेंबर १९५५ला, तिकडं पुढच्याच महिन्यात मतदान. तिकडं सह्या झाल्या आणि पाचच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, आमचं बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात. इकडं मतपेटी नाहीच, पुढं सीमावादावर महाजन आयोग, मग २००४ पासून सुप्रीम कोर्ट. दोन देश आणि एकाच देशातली दोन राज्यं ह्यात फरक आहे हे कळतं मला, तिथं मतदान करारातच लिहिलेलं होतं. पण मराठी ऐकणाऱ्यांसाठी काढलेल्या मालिकेत हे एक मिनिट सुद्धा येऊ नये? शेजारचे काका महाराष्ट्र एकीकरण समितीचे जुने कार्यकर्ते, त्यांना सगळं सांगितलं तर चष्मा काढून पुसत बसले, मग म्हणाले, "म्हाताऱ्यानं हो म्हणा म्हटलं, लोकांनी नको म्हटलं, आणि गेले कुठं, तर म्हाताऱ्याच्याच घरात की! आणि आम्ही अजून तारीख कधी लागतीय ते इचारालाव." एवढं तर मालिकेत बोलायला आणलेल्या प्राध्यापकाला पण सुचलं नाही.

बाकी ॲपबद्दल. खानापूरच्या पुढं लोंढ्याकडं गाडी जंगलात शिरली की रेंज जाते, म्हणून डाउनलोड करून ठेवलं तर लॉगिन करा म्हणतंय, आता रेंज नाही तर लॉगिन कुठनं करू? कस्टमर केअरला लिहिलं, उत्तर आलं की नेटवर्क असलेल्या ठिकाणी प्रयत्न करा. धन्य. स्पीड १.२५ला ठेवा, निवेदिका जरा सावकाश बोलते. शेवटचे दोन भाग, फ्रान्सबरोबरचा १९६३चा करार, राजीनामा आणि १९६७ला ९१व्या वर्षी मृत्यू, हे नीट आहेत, गुलाबाची बाग वगैरे थोडं जास्त झालंय पण चालतंय.

मालिकावाले वाचत असाल तर सारवर एक जादा भाग काढा, वेगळे पैसे लावा पाहिजे तर, निपाणी-खानापूरकडनं गिऱ्हाईक मिळेल, जाहिरात काका फुकट करतील.