नऊ महिने, एक घडीव सुरी आणि मुठीतली ती फट

मागच्या रविवारी रात्री भोपळा चिरताना मुठीची उजवी फळी सुटून माझ्या तळहातात आली आणि पातं भोपळ्यात रुतून राहिलं. बोटं वाचली हे नशीब. ही सुरी घेऊन नऊ महिने झाले. अनुभव लिहायला याआधी चार वेळा बसलो होतो आणि चारही वेळा कौतुक फारच ओसंडतंय म्हणून खोडून टाकलं होतं. आता तो धोका उरलेला नाही.

सुरी तुमच्या ओळखीच्या जातीचीच आहे. हाताने घडवलेली, २१० मिलिमीटरचं पातं, ‘५२१००’ नावाचं पोलाद, मुठीच्या टोकापर्यंत आरपार गेलेली पात्याची शेपूट, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या आणि तीन पितळी पिना. बनवणारा एकट्याने काम करणारा लोहार आहे. किती पैसे गेले ते घरात सांगितलेलं नाही, तर इथेही नको.

घेण्यामागे स्वयंपाकाची आवड वगैरे काही नव्हती. ‘फोर्ज्ड इन फायर’चे भाग एकामागून एक बघायचं व्यसन लागलं होतं. हिस्टरी चॅनेलवर २०१५ मध्ये सुरू झालेला हा अमेरिकी कार्यक्रम इथल्या बहुतेकांनी पाहिला असेल. चार लोहार, डोक्यावर घड्याळ, पहिल्या फेरीत तीन तासांत पातं, दुसऱ्या फेरीत मूठ, मग उरलेले दोघे आपापल्या भट्टीवर जाऊन एखादं ऐतिहासिक शस्त्र घडवणार आणि जिंकणाऱ्याला दहा हजार डॉलर. लालभडक पातं तेलात जातं, भपकन ज्वाळा उठतात आणि लोहार श्वास रोखून कान देतो. ‘टिंग’ असा बारीक आवाज आला की समजायचं, तडा गेला. तो आवाज ऐकून इकडे मी सोफ्यावर कळवळायचो. तीसेक भाग झाल्यावर मला वाटायला लागलं की आपल्याला पोलादातलं कळतं. कळत काहीच नव्हतं, फक्त शब्द तोंडात बसले होते.

पहिले तीन महिने मात्र मी हवेत होतो. धार म्हणजे काय असते ते या सुरीने दाखवलं. पिकलेल्या टोमॅटोवर पातं नुसतं टेकवून मागे ओढायचं, दाबायचंच नाही. कांद्याचे काप खालच्या फळीवर पडताना एकमेकांना चिकटत नव्हते. आधीची स्टेनलेस सुरी दर पंधरा दिवसांनी परजावी लागायची. ही नऊ महिन्यांत फक्त दोनदा निसण्यावर घेतली, तीही १००० नंबरच्या. एरवी जुन्या चामडी पट्ट्यावर आठ-दहा वेळा उलटसुलट फिरवली की काम भागतं. ५२१०० हे मुळात बॉल बेअरिंगचं पोलाद. त्यात कार्बन साधारण एक टक्का, क्रोमियम दीड टक्का. स्टेनलेस म्हणवून घ्यायला क्रोमियम किमान साडेदहा टक्के लागतं. म्हणजे गंज येणार हे ठरलेलंच, त्या बदल्यात बारीक, चिवट धार मिळते. हा सौदा मला मान्य होता.

आणखी एक गोष्ट वापरताना उमगली. कार्यक्रमातली पाती जाड असतात, कारण त्यांना शिंगं, हाडं, बर्फाच्या लाद्या असलं काहीबाही तोडून दाखवायचं असतं. धारेचा टवका उडाला की खेळ खलास. माझ्या सुरीला धारेच्या जरा वर कॅलिपर लावला तर पाव मिलिमीटर भरलं. ही सुरी त्या परीक्षकांपुढे ठेवली असती तर पहिल्याच घावाला तिचं नाक कापलं गेलं असतं. आणि तिकडची जिंकलेली सुरी माझ्या ओट्यावर आणली तर गाजर कापलं जाणार नाही, पाचर ठोकल्यासारखं फुटेल. इतके भाग पाहूनही हे डोक्यात शिरलं नव्हतं. ते शिकायला गाजर लागलं.

काळं पडण्याबद्दल दोन ओळी. कांदा-लिंबू लागून पात्यावर निळसर राखाडी थर चढतो. तो चांगला, तांबड्या गंजाला थोपवतो. मी तो दीड महिना कौतुकाने जमवला. एका दुपारी आईने तारेच्या घासणीने पातं चकचकीत करून ठेवलं आणि वर म्हणाली, “इतकी महागाची सुरी, जरा घासत जा की.” महागाची आहे हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

तर फट. आता जे लिहितोय ते काहींना वेडेपणा वाटेल.

सुरी आली त्याच दिवशी मी ती कार्यक्रमातल्या परीक्षकांसारखी डोळ्यासमोर धरून पाठीच्या रेषेतून पाहिली. पातं सरळ होतं. मग मूठ पाहिली. उजवी फळी पात्याला जिथे भेटते तिथे केसाएवढी काळी रेघ. तिरका प्रकाश पडला तरच दिसायची. कार्यक्रम पाहिला नसता तर ती मला जन्मात दिसली नसती. पण दुसऱ्या फेरीत लोकांच्या मुठी कशा सुटतात, पिना कशा हलतात, हे इतक्या वेळा पाहिलेलं होतं की त्या रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवसापासून दर रविवारी बिलाच्या कागदाचा कोपरा तिथे घालून बघायला लागलो. पहिले दोन महिने कोपरा शिरला नाही. तिसऱ्या महिन्यात शिरला, नखाएवढा. पाचव्या महिन्यात लग्नपत्रिकेचा जाड कागद शिरला. सातव्या महिन्यात मूठ दाबली की सांध्यातून काळसर पाण्याचा थेंब बाहेर यायचा, ओल्या लोखंडाच्या वासाचा. पात्याची धार, कडकपणा, तोल, सगळं पहिल्या दिवसासारखंच. पण मला दुसरं काही दिसेनासं झालं होतं.

लोहाराला फोटो पाठवले. उत्तर आलं, “लाकूड आहे, थोडं हलणारच.” मी म्हटलं, हललं तर आत पाणी जातंय त्याचं काय? तो म्हणाला, “तुम्ही पाण्यात भिजत ठेवता का?” मी ठणकावून नाही म्हटलं. मग दोन आठवडे शांतता. मग “पाठवून द्या, बघतो, येण्याजाण्याचा खर्च तुमचा.” इथे माझं डोकं फिरलं. फट मी मागितली नव्हती, तिच्यासाठी कुरियरचे पैसे मी का भरू? तीन दिवस लांबलचक मेसेज लिहीत बसलो. त्यातला एक तर सुरी कशी बनवावी या विषयावर होता, तोही ज्याने ती बनवली त्यालाच. आज वाचताना लाज वाटते. त्याने उत्तर दिलं नाही. योग्य केलं.

आणि मग तो भोपळा.

इथपर्यंतचं त्याच आठवड्यात लिहिलं होतं आणि खाली पाचपैकी एक तारा द्यायचं ठरवलं होतं. पुढचं तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण मधल्या काळात मी दुसरी फळीही काढली.

पिनांची डोकी कानशीने घासून त्या ठोकून बाहेर काढल्या, पातळ पट्टी घालून डावी फळी उचकटली. ती सुटायला बरीच झटापट झाली. म्हणजे डावीकडचा गोंद धड होता. उजवीकडे शेपटीवर मधोमध गोंदाचा पातळ पापुद्रा, कडांना जवळजवळ काहीच नाही आणि पुढच्या टोकाला तांबड्या गंजाचा अंगठ्याच्या नखाएवढा डाग. शेपूट आरशासारखी गुळगुळीत. गुळगुळीत पोलादाला इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, नीट धरत नाही. जाड सँडपेपरने आधी खरखरीत करावं लागतं, अ‍ॅसिटोनने तेल पुसावं लागतं. शिवाय शिकंजा फार आवळला की गोंद सगळा बाहेर पिळून निघतो आणि सांधा उपाशी राहतो. उजव्या बाजूला हेच झालं असणार. म्हणजे माझं म्हणणं खरं निघालं. लोहार चुकला होता.

अर्धाच चुकला होता. फळीच्या आतल्या बाजूला लाकूड खालून वर अडीच सेंटिमीटरपर्यंत काळं पडलेलं होतं, अगदी पातळी दाखवणारी सरळ रेघ. ही रेघ कुठून आली याचा विचार करत ओट्यापाशी गेलो आणि सुऱ्या उभ्या ठेवायच्या डब्यात बोट घातलं. तळाशी पाणी. धुतलेली सुरी आम्ही त्यात मूठ खाली करून ठेवतो. नऊ महिने. मी ठणकावून म्हटलं होतं, भिजत ठेवत नाही. लाकूड पाणी पिऊन आडवं फुगतं, वाळलं की आक्रसतं. पोलाद जागचं हलत नाही. या रोजच्या ओढाताणीत बिचारा गोंद किती दिवस टिकणार होता? नीट चिकटवलेला असता तर दोन-तीन वर्षं टिकला असता, इतकंच. एक तारा देता येणार नाही हे त्या डब्यापाशीच कळलं.

नवीन मूठ मीच बसवली. नवी सुरी घ्यायचा प्रश्नच नव्हता. गंज घासून काढला. शेपटीला आणखी चार भोकं पाडायचं ठरवलं, कारण भोकांतून दोन्हीकडचा गोंद एकमेकांना भेटतो आणि खिळ्यासारखा धरतो. पण कडक केलेल्या पोलादापुढे साधं ड्रिल नुसतं किंचाळत राहिलं. एक बिट जळालं. दुसरं कार्बाइडचं आणलं, त्याने दोन भोकं पडली आणि तेवढ्यावर समाधान मानलं. फळ्यांना आतून मधोमध किंचित खोलवा दिला, म्हणजे कडा घट्ट बसतात आणि गोंदाला मध्ये राहायला जागा मिळते. पाच मिनिटांत सुकणारा इपॉक्सी मुद्दाम टाळला, तो पाण्याला कमी टिकतो. चोवीस तासवाला घेतला, शिकंजा हलक्या हाताने लावला आणि शिकंज्याकडे दिवसभर फिरकलो नाही. हे सोपं नव्हतं.

तेव्हा कार्यक्रमाबद्दल जरा राग आला. तिथे पात्याच्या वेळी भट्टी, घण, ठिणग्या, आणि मुठीच्या फेरीत घड्याळाच्या धाकाने लोक गोंद ओतून शिकंजे पिळत सुटतात. प्रेक्षक म्हणून मी मुठीची फेरी पुढे सरकवायचो, हे कबूल करतो. टेंपरिंग तर पडद्यावर जवळजवळ नसतंच. तेलातून निघालेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. त्याला साधारण २०० अंशांवर दोन-दोन तास, असं दोनदा शेकतात, तेव्हा ते वापरण्याजोगं होतं. चार तास बंद दाराकडे कॅमेरा लावून कोण बसणार? आगीत घालायची गंमत वेगळी. चुंबक चिकटेनासं झालं की पोलाद ७७० अंशांच्या आसपास गेलं असं समजायचं, मग आणखी थोडं तापवून तेलात. हे दिसायला झकास. माझ्या सुरीची धार मात्र त्या बंद दाराआडच्या चार तासांवर टिकून आहे.

लोहारांच्या खऱ्या परीक्षेत यातलं काही नसतं. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी १९७६ मध्ये स्थापन झाली. तिच्या परीक्षेत एकाच सुरीने एक इंच जाडीचा मोकळा लोंबकळणारा दोर एका घावात तोडायचा, साधारण दोन बाय चार इंचांचं लाकूड दोनदा तोडायचं, मग त्याच धारेने दंडावरचे केस भादरून दाखवायचे आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून ९० अंशांत वाकवायचं, मोडता कामा नये. धार कडक आणि पाठ मऊ ठेवल्याशिवाय हे जमत नाही. माझी सुरी सगळीकडून सारखीच कडक आहे, घरी प्रयोग करणार नाही.

कुणीतरी विचारेलच म्हणून सांगतो, दमास्कसची सुरी जास्त चांगली नसते. आज मिळणारं दमास्कस म्हणजे दोन पोलादांचे थर भट्टीत जोडून घडी घातलेलं काम. निकेलवालं पोलाद आम्लात उजळ राहतं, दुसरं काळवंडतं, म्हणून नक्षी दिसते. वूट्झ हे आपल्याकडचं जुनं पोलाद वेगळं, त्याची नक्षी मुशीत वितळवलेल्या पोलादात आपोआप उमटायची. नक्षी पाहायची असेल तर घ्या. कांद्याला फरक पडत नाही.

लोहाराला काळ्या रेघेचा फोटो पाठवून माफी मागितली, सोबत गुळगुळीत शेपटीचाही पाठवला. दोन तासांत उत्तर आलं, “दोघांचं चुकलं. पुढच्या सुऱ्यांची शेपूट खरखरीत करतो.” पिनांचे नवे तुकडे त्याने स्वतःच्या खर्चाने पाठवले, बरोबर पितळेची एक जास्तीची. तारे चार. पाचवा मुठीचा होता.

डब्याच्या तळाला भोकं पाडली आहेत आणि सुरी आता त्यात जातच नाही, भिंतीवरच्या चुंबकपट्टीला असते. नव्या मुठीला सहा दिवस झाले. काल रविवार होता, बिलाचा कोपरा घेऊन तिरक्या उजेडात उभा होतो. आई म्हणाली, “आता स्वतःच चिकटवलीस ना? अजून काय बघतोस?” उजवीकडे शिरला नाही. डावीकडेही नाही. पण डावीकडे पुढच्या पिनेजवळ एक बारीकशी रेघ आहे, केसाएवढी.