एफआयआर क्वॉश झाल्यावर रेकॉर्ड साफ करायची प्रोसेस : वर्षभर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू कुठल्या ॲपचा किंवा मिक्सरचा नाही, सरकारी प्रोसेसचा आहे. मी शोधत होतो तेव्हा जिकडे तिकडे 'एफआयआर क्वॉश (म्हणजे हायकोर्टाकडून रद्द) कशी करायची' यावर ढीगभर माहिती सापडायची आणि क्वॉश झाल्यावर पुढं काय यावर कुणी दोन ओळी पण लिहिलेल्या नव्हत्या, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मी वकील नाही, आयटीवाला आहे, तेव्हा कलमं वगैरे तुमच्या वकिलाकडून तपासून घ्या.

केस थोडक्यात सांगतो. सातारा जिल्ह्यातलं गाव, बांधावरून भावकीत वाजलं, २०२२ च्या दिवाळीला मी पुण्याहून गावाला गेलेलो म्हणून माझंही नाव फिर्यादीत. भादंवि ३२४, ५०४, ५०६ आणि ३४ (हत्याराने दुखापत, अपमान, धमकी आणि सगळ्यांचा समान इरादा). अटक झाली, दहाही बोटांचे ठसे घेतले, समोरून आणि बाजूने फोटो काढले, संध्याकाळी जामीन झाला. पुढं चार्जशीट पण गेलं. मग घरात लग्न निघालं तेव्हा वडीलधाऱ्यांनी दोन्ही बाजू बसवल्या, मोजणी आणून बांध कायम केला आणि विषय मिटला. पण ३२४ असल्यामुळे खालच्या कोर्टात तडजोडीने मिटत नाही, हे कलम २००९ च्या शेवटापासून तडजोडीच्या यादीतनं काढलंय, त्यामुळे हायकोर्टात सीआरपीसीच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या) ४८२ ची पिटिशन करावी लागली. (ज्यांचे अर्ज १ जुलै २०२४ नंतरचे आहेत त्यांना हेच बीएनएसएसचं (सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या कायद्याचं) ५२८ लागतं.) घरगुती किंवा खाजगी स्वरूपाचं भांडण असेल आणि दोन्ही बाजू राजी असतील तर हायकोर्ट असा गुन्हा रद्द करू शकतं हे सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ग्यान सिंग केसमध्ये स्पष्ट केलंय, तोच आधार आमचा पण.

हायकोर्टाच्या पार्टला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. चुलते टोपी घालून, घडीची पिशवी घेऊन मुंबईला आले, न्यायमूर्तींनी त्यांना सरळ मराठीत विचारलं की कुणाचा दबाव आहे का, ते म्हणाले "नाही साहेब, घरातलं होतं, मिटलं", आणि पाच मिनिटांत ऑर्डर. काही रक्कम धर्मादाय भरायला लावली ती भरली. आता तर सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच झालंय, मुंबईची वारी वाचली. एक गोष्ट मात्र पिटिशन टाकतानाच बघा, सगळ्या आरोपींची नावं त्यात पाहिजेत. ज्याने पिटिशन केली त्याच्यापुरताच गुन्हा रद्द झाला आणि उरलेल्याची केस चालू राहिली तर तो सीआर नंबर (गु.र.नं., म्हणजे ठाण्याच्या रजिस्टरमधला गुन्ह्याचा नंबर) जिवंतच राहतो आणि तुमचं नाव त्या फाईलला चिकटूनच.

खरी गंमत त्यानंतर. मला वाटलेलं ऑर्डर झाली म्हणजे सिस्टीममध्ये आपोआप सगळीकडे पुसलं जाईल. तसं काही नसतं. आपल्याकडे अटकेचं रेकॉर्ड पुसायचा वेगळा असा कायदाच नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत कोर्टात अर्ज करून असं रेकॉर्ड सील करता येतं, तशी एक खिडकी इथं नाही. अपवाद म्हणजे अल्पवयीन मुलं, २०१५ च्या जुव्हेनाईल जस्टिस कायद्याच्या कलम २४ मध्ये त्यांचं रेकॉर्ड नष्ट करायची तरतूद आहे. आपल्यासारख्या मोठ्यांचं नाव पाच-सहा वेगवेगळ्या वह्यांमध्ये असतं आणि एका वहीला दुसरीचा पत्ता नसतो. ऑर्डर हातात घेऊन प्रत्येक वहीपाशी आपणच जायचं.

पहिली वही खालचं कोर्ट. हायकोर्टात क्वॉश झालं तरी जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टाच्या बोर्डावर आमची तारीख लागलेलीच होती, ई-कोर्ट्सवर (कोर्टातल्या केसेस बघायची सरकारी साईट) पण केस पेंडिंग. क्वॉश झालंय म्हणून तारखेला गेलाच नाहीत आणि तिथं ऑर्डर पोचलेली नसेल तर वॉरंट निघू शकतं, तेव्हा वकिलाला सांगून सर्टिफाईड कॉपी जोडून पुरसिस (कोर्टाला लेखी निवेदन) द्या आणि केस निकाली काढल्याचा रोजनामा (कोर्टाची त्या दिवसाची नोंद) घ्या. त्याचीही सर्टिफाईड कॉपी. ही दोन कागदं, हायकोर्टाची ऑर्डर आणि खालचा रोजनामा, यांच्या भरपूर प्रती काढून ठेवा, मी लॅमिनेट करणार होतो पण वकील म्हणाले नको, शिक्का बोटाने चाचपून बघणारे लोक आहेत. आणि ते खरंच निघालं. आमच्या ऑर्डरीत शेवटी नेहमीची ओळ होती की सर्व संबंधितांनी या ऑर्डरच्या ऑथेंटिकेटेड कॉपीवर कार्यवाही करावी, तरी पोलीस स्टेशनला वेबसाईटवरची प्रिंट दाखवली तर उत्तर आलं, "ओला शिक्का कुठंय?"

पोलीस स्टेशन, म्हणजे दुसरी वही. इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवला म्हणून सविस्तर लिहितो. सीसीटीएनएसमध्ये (पोलिसांची देशभरची कॉम्प्युटर सिस्टीम) गुन्ह्याचे फॉर्म नंबरवार असतात, १ म्हणजे एफआयआर, ३ अटकेचा, ५ चार्जशीट किंवा फायनल रिपोर्ट, आणि ६ म्हणजे कोर्टात काय निकाल लागला त्याचा. हा ६ नंबर भरला जात नाही तोपर्यंत सिस्टीममध्ये तुम्ही 'चार्जशीट दाखल' वरच अडकलेले. तो भरायचं काम ठाण्याचं, पण हायकोर्टाची ऑर्डर कुणी टेबलावर आणून दिली तरच. क्राईम रायटर माणूस चांगला होता, पण त्याच्यापुढे फायलींचा डोंगर, एकीकडे बंदोबस्त, एकीकडे व्हीआयपी दौरा. ठाणे अंमलदार म्हणे रायटरकडे जा, रायटर म्हणे साहेबांची सही आणा, साहेब मीटिंगला साताऱ्याला. शेवटी मी तोंडी बोलणं बंद केलं आणि पीआयच्या नावे साधा अर्ज लिहिला, गु.र.नं., कलमं, हायकोर्टाचा पिटिशन नंबर, ऑर्डरची तारीख, "सीसीटीएनएस व गुन्हा रजिस्टरमध्ये न्यायालयीन निकालाची नोंद घेऊन मला लेखी कळवावे", आणि आवकला देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. तो आवक नंबर मिळाला आणि चक्रं हलली असं मी म्हणेन, तरी पण महिनाभर काही नाही, मग त्याच आवक नंबरवर आरटीआय टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, 'माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची प्रत द्या' एवढा एकच प्रश्न. जास्त प्रश्न विचारू नका, जास्त विचारले की एकाचंही नीट उत्तर येत नाही. तीस दिवसांच्या आत फोन आला की या. रायटरने माझ्यासमोर जाड गुन्हा रजिस्टर काढलं, माझ्या नावाच्या ओळीत शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने हायकोर्टाचा नंबर आणि 'रद्द' असं लिहिलं, खाली सही, आणि मग कॉम्प्युटरवर नोंद घेतली. एवढ्यासाठी! पण ती लाल ओळ बघून जे बरं वाटलं ते हायकोर्टात पण वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोला.

नोंद रद्द होते, पुसली जात नाही, हे समजून घ्या. एफआयआर तिथंच राहते, फक्त तिच्यापुढे निकाल लागतो. २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे संवेदनशील गुन्हे सोडून बाकी एफआयआर पोलिसांच्या साईटवर टाकाव्या लागतात, आमची पण होती. ती काढा म्हणून वेगळा अर्ज केलाय, त्यावर अजून हो पण नाही आणि नाही पण नाही.

चारित्र्य पडताळणी : पुण्यातनं एकदा क्वॉशनंतर लगेच अर्ज केलेला तर सर्टिफिकेटवर चक्क गुन्हा न्यायप्रविष्ट म्हणून आला. ठाण्यातली नोंद झाल्यावर पुन्हा केला तर गुन्हा प्रलंबित नाही, हायकोर्टाने रद्द केला असा उल्लेख आला. म्हणजे कोरं सर्टिफिकेट नाहीच मिळालं, पण खरं मिळालं. तेव्हा क्रम पाळा, आधी ठाण्याची नोंद आणि मगच पडताळणीचा अर्ज, घाईत केलात तर फी पण जाते आणि एक चुकीचा कागद तुमच्याच नावाने तयार होऊन बसतो.

पासपोर्ट त्यामानाने सुरळीत. पासपोर्ट कायद्याच्या ६(२)(एफ) मध्ये अडचण कोर्टात केस पेंडिंग असली तर आहे, पेंडिंग असताना कोर्टाची एनओसी लागते (१९९३ च्या नोटिफिकेशनप्रमाणे). निकाली निघालेल्या केसला ते लागत नाही. गोपनीयवाल्या हवालदारांना घरी आल्यावर मी दोन्ही कॉप्या दिल्या, त्यांनी मोबाईलमध्ये फोटो घेतले, चहा घेतला आणि रिपोर्ट क्लिअर गेला. ५ पैकी ४.

नोकरीचं बॅकग्राऊंड व्हेरिफिकेशन हा सगळ्यात डोकेदुखीचा भाग. या कंपन्या ई-कोर्ट्सवर नाव टाकून शोधतात. आमच्या आडनावाची माणसं जिल्ह्यात पायलीला पन्नास, त्यामुळे माझी एक केस आणि दुसऱ्याच कुणाची तरी चेक बाऊन्सची एक अशा दोन 'मॅच' दाखवल्या. चेक बाऊन्सवाला मी नव्हेच हे सिद्ध करायला वडिलांचं नाव आणि पत्ता दाखवावा लागला, आणि स्वतःच्या केसपेक्षा त्यालाच जास्त वेळ गेला. इथं एक सांगतो, फॉर्ममधला प्रश्न नीट वाचा. 'तुमच्यावर केस पेंडिंग आहे का' याला माझं उत्तर नाही. 'तुम्हाला कधी अटक झाली होती का' याला हो, आणि खाली रद्द झाल्याची ऑर्डर. २०१६ च्या अवतार सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारी नोकरीबद्दल हेच म्हटलंय की माहिती खरी द्यायची, आणि किरकोळ प्रकरण असेल तर सांगायचं राहिलं तरी नेमणूक करणारा दुर्लक्ष करू शकतो, पण ते त्याच्या मर्जीवर. मी म्हणतो कशाला मर्जीवर राहायचं. एचआरला एकाच मेलमध्ये दोन्ही पीडीएफ आणि चार ओळींचा खुलासा पाठवला, एक फोन आला, संपलं. अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये तर कधीही अटक झाली होती का असंच विचारतात, त्यात आपलं क्वॉश चालत नाही, हो लिहून खुलासा द्यायचा.

इंटरनेटचं काय? स्थानिक न्यूज पोर्टलवर 'बांधाच्या वादातून हाणामारी' अशी बातमी आमच्या सगळ्यांच्या नावानिशी होती. काढणार नाही म्हणाले, पण ऑर्डर पाठवल्यावर खाली 'हायकोर्टाने गुन्हा रद्द केला' अशी ओळ टाकली आणि नावं काढली. माझ्या मते हे रास्त आहे. कोर्टाच्या निकालातनं नाव काढायचा विषय मात्र अजून कायद्यातच लोंबकळतोय. दिल्ली हायकोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये निर्दोष सुटलेल्या एका अमेरिकन नागरिकाचा निकाल सर्चमधून काढायला सांगितला, मद्रास हायकोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तसाच आदेश दिला, त्याला जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. माझ्या वकिलांचं म्हणणं यात आत्ता पैसे घालू नको, आणि मला पटलं.

राहिले बोटांचे ठसे. हे लोक विसरतातच. अटक ४ ऑगस्ट २०२२ नंतरची असेल तर क्रिमिनल प्रोसिजर (आयडेंटिफिकेशन) कायदा लागू, त्यात मोजमापं म्हणजे ठसे, फोटो वगैरे ७५ वर्षं ठेवतात. पंच्याहत्तर! मी तेवढा जगणार पण नाही. पण त्याच कलमात, ४(२) मध्ये, पुढे सोय आहे की आधी शिक्षा झालेली नसेल आणि माणूस खटल्याविना सुटला, डिस्चार्ज झाला (खटल्याआधीच आरोपातून मुक्त) किंवा निर्दोष सुटला आणि अपील वगैरे सगळे मार्ग संपले की हे रेकॉर्ड नष्ट करायचं, कोर्टाने कारण लिहून वेगळं सांगितलं नाही तर. नियमांप्रमाणे अर्ज राज्याच्या नोडल ऑफिसरकडे (या कामासाठी नेमलेला अधिकारी) जातो, दुसऱ्या कुठल्या केसशी लिंक नाही ना ते बघून तो एनसीआरबीला (गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) शिफारस करतो. ठसे देशपातळीच्या नाफिस सिस्टीममध्ये जातात, तिथं प्रत्येकाला दहा आकडी नंबर असतो, त्यामुळे ठाण्यातल्या नोंदीने तिकडचं काही हलत नाही. माझा अर्ज गेलाय, पोच आलीय, पण तिथल्या बाबूने फोनवर काढलेला मुद्दा भारी होता, कायद्यात 'क्वॉश' असा शब्दच नाही म्हणे. मी म्हटलं खटला चाललाच नाही म्हणजे 'खटल्याविना सुटका' नाही का? ते म्हणाले लेखी द्या. दिलं.

एकूण रेटिंग पाचपैकी तीन. कोर्टाने पटकन केलं, पासपोर्टवाल्यांनी नीट केलं, ठाण्याने आवक नंबर आणि आरटीआय दाखवल्यावर केलं, ठशांचं अजून अधांतरी. एजंट लोक 'रेकॉर्ड क्लीन करून देतो' म्हणून आकडे सांगतात, त्यांना एक रुपया देऊ नका, त्यांच्याकडे अशी कुठलीच चावी नाही जी तुमच्या सर्टिफाईड कॉपीत नाही. आणि समरी रिपोर्टने (चार्जशीटऐवजी पोलिसांनी कोर्टात दिलेला केस बंद करायचा अहवाल) केस बंद झालेल्यांनी ए, बी की सी समरी ते आधी बघा. बी म्हणजे तक्रारच खोटी होती आणि सी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची, पडताळणीत हा फरक विचारतात. ए असेल तर गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अर्थ, तिथं तुमचं नाव संशयित म्हणून राहिलंय का ते लेखी विचारून घ्या.

नोडल ऑफिसरकडून ठसे नष्ट केल्याचं लेखी उत्तर महाराष्ट्रात कुणाला आलं असेल तर प्लीज सांगा, कुठल्या शब्दात अर्ज केला होता तेवढंच हवंय.