गॅस्केटचे गोल मोजा : इंजिन न उघडताच माझ्याकडून ४१,६०० रुपये घेतले

लिहू का नको करत दोन महिने गेले, घरातले म्हणतात झालं ते झालं, सोडून दे. पण परवा शेजारच्या काकूंच्या मुलाला पण एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडून दोन मिनिटांत "इंजिन उतरवावं लागंल" म्हणून सांगितलं, तो बिचारा पैशाची जुळवाजुळव करायला लागला, तेव्हा वाटलं आता सगळं लिहायचंच. गॅरेजचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. सोलापुरातलंच आहे एवढं समजून घ्या.

आमची गाडी छोटी, पेट्रोल, २०१४ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेली. आमचे हे नोकरीला पुण्यात, शनिवारी येतात रविवारी रात्री जातात, त्यामुळं गाडी मीच चालवते. मे महिन्यातला गुरुवार होता, मामांना (माझे सासरे) घेऊन अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला गेले होते. सोलापूरचा मे तुम्हाला सांगायला नको, दुपारी ४२-४३ डिग्री. तरी जाताना ४० किलोमीटर, येताना ४० किलोमीटर, रस्त्याला गाडीनं काहीही त्रास दिला नाही. गावात आलो, सात रस्त्याजवळ ट्रॅफिकमध्ये दहा-पंधरा मिनिटं अडकलो आणि मीटरवर तापमानाचा लाल दिवा लागला, पाठोपाठ बॉनेटच्या फटीतून वाफ. मी लगेच इंजिन बंद केलं. एवढी एक गोष्ट माझ्या हातून बरोबर झाली, तसंच पुढं दोन किलोमीटर रेटलं असतं तर खरंच हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकलं असतं असं नंतर दुसऱ्या एका मिस्त्रींनी सांगितलं.

अजून एक, ते आत्ताच सांगते कारण सगळं त्यातच होतं. आठवडाभर आधीपासून एसी विचित्र वागत होता, सिग्नलला थांबलं की गरम हवा, गाडी पळायला लागली की परत गार. मला वाटलं गॅस कमी झाला असेल, सुट्टीत भरून घेऊ. हे मी त्या पहिल्या गॅरेजवाल्याला पण सांगितलं होतं, दोनदा सांगितलं, त्यानं ऐकल्यासारखं पण केलं नाही.

रस्त्यावरच्या एका रिक्षावाल्या दादानं गाडी ढकलून कडेला लावून दिली आणि जवळच्या गॅरेजमधून माणूस बोलावला. आलेलं पोरगं रेडिएटरचं झाकण तसंच गरम असताना उघडायला निघालं होतं, मामा ओरडले म्हणून थांबलं. हे पण लिहूनच टाकते, गरम इंजिनचं झाकण कुणी कधीही उघडू नका, आत पाणी दाबाखाली असतं, १०० च्या वर तापलेलं असतं आणि झाकण सैल झालं की फवारा सरळ तोंडावर येतो.

गाडी टोचन करून गॅरेजला नेली. मालक आला, बॉनेटमध्ये डोकं घातलं, ऑइलची पट्टी काढली, बोटानं चोळली, पट्टी परत घातली आणि म्हणाला, "मॅडम, हेड गॅस्केट गेलंय. इंजिन खोलावं लागंल." हेड गॅस्केट म्हणजे हेड आणि खालचं इंजिन यांच्या मधे बसणारी पातळ चकती. दोन मिनिटं पण झाली नव्हती. मी विचारलं किती खर्च, तर म्हणाला खोलल्याशिवाय कळत नाही, पंचवीसच्या आसपास धरून चला. मग मला म्हणाला, साहेबांना फोन लावून द्या, त्यांच्याशी बोलतो. गाडी मी चालवते, पैसे मी देणार, पण बोलायचं साहेबांशी. यांना फोनवर त्यानं इतकं टेक्निकल सांगितलं की हे पण म्हणाले, तो म्हणतोय तर असेल बाई, करून घे. मी १५,००० ऍडव्हान्स यूपीआयनं पाठवला.

त्या वेळी मी एकच शब्द विचारायला पाहिजे होता, "कशावरून?" गॅस्केट गेलंय ते कशावरून? तेवढं विचारलं असतं तर त्याच्याकडं उत्तर नव्हतं. आपल्याला इंजिनमधलं कळत नाही याची आपल्याला लाज वाटते म्हणून आपण विचारत नाही, आणि या लोकांचा सगळा धंदा त्या लाजेवर चालतो. डॉक्टरला आपण विचारतोच की रिपोर्टमध्ये काय आलं म्हणून.

तीन दिवसांनी फोन, हेड खोललंय, वाकलंय, फेसिंगला (घासून सपाट करायला) दिलंय. दोन दिवसांनी परत फोन, पिस्टनच्या रिंगा पण गेल्यात, आता खोललंच आहे तर करून घ्या, नाहीतर परत सहा महिन्यांनी हाच खर्च. मी गॅरेजला गेले तर गाडी मागच्या शेडमध्ये बॉनेट उघडं ठेवून उभी, पुढं दुसऱ्या दोन गाड्या लावलेल्या, त्यामुळं जवळ जाता येईना. त्यानं टेबलावर एक काळं पडलेलं, कडेला जळालेलं गॅस्केट आणून ठेवलं. "हे बघा तुमचं गॅस्केट, इथून फाटलंय." मी यांना पाठवायला म्हणून मोबाईलवर फोटो काढला. तो फोटो काढायची बुद्धी झाली हे नशीब.

नवव्या दिवशी गाडी मिळाली. बिल म्हणजे वहीच्या कागदावर पेनानं लिहिलेलं. गॅस्केट सेट ४,८००, हेड फेसिंग ३,५००, वॉल्व्ह ग्राइंडिंग आणि सील ५,२००, पिस्टन रिंग ६,४००, बेअरिंग ५,७००, ऑइल कूलंट ३,५००, मजुरी १२,५००. एकूण ४१,६००. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला जीएसटी वेगळा पडंल, बघा तुम्ही. मी उरलेले २६,६०० कॅश दिले. ते पैसे मुलीच्या क्लासच्या फीसाठी बाजूला ठेवलेले होते. जुने पार्ट मागितले तर भंगारवाला कालच घेऊन गेला म्हणाला. कॅश दिल्याचा पुरावा नाही, पण सुदैवानं त्यानं बिलाचा कागद आदल्या दिवशी स्वतःच्या नंबरवरून व्हॉट्सॲपला पाठवला होता.

पाच दिवस गाडी छान चालली, कारण सकाळी सात वाजता शाळा, मोकळा रस्ता, गार हवा. सहाव्या दिवशी संध्याकाळी नवी पेठेत गर्दीत अडकले आणि परत तोच लाल दिवा. माझे हात अक्षरशः थरथरत होते. गॅरेजवाल्याला फोन केला तर शांतपणे म्हणाला, "आता रेडिएटर गेलं असंल मॅडम, इंजिन नवीन झालं ना, जुन्या रेडिएटरला झेपत नाही. नऊ हजार लागतील." हे वाक्य मी यांना जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा हे पहिल्यांदा म्हणाले की कुठंतरी गडबड आहे.

माझ्या माहेरच्या ओळखीतले एक मिस्त्री आहेत, साठीच्या पुढचे, कुमठा नाक्याच्या बाजूला छोटंसं शेड आहे, बोर्ड पण नाही. घरात तेलुगू बोलतात, आपल्याशी सोलापुरी मराठी. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, कधी तापते? रस्त्याला का थांबल्यावर? एसी कसा हाय? मी सांगितलं. म्हणाले, "बरं. चालू करा गाडी, एसी लावा, आणि तुम्ही स्वतः हिथं येऊन बघा."

आम्ही दोघं रेडिएटरपुढं उभे राहिलो. एसी लावल्यावर पुढचा पंखा फिरायला पाहिजे, तो फिरेना. इंजिन तापत चाललं तरी फिरेना. त्यांनी गाडी बंद केली, फ्यूज काढून उजेडात धरून दाखवला, चांगला होता. रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) काढला, शेजारचा तसलाच दुसरा रिले तिथं लावून बघितला, तरी नाही. मग पंख्याचा प्लग काढून दोन वायरी घेतल्या आणि बॅटरीचा डायरेक्ट करंट दिला. पंखा ढिम्म. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हरची मूठ मोटरवर हळूच दोनदा ठोकली आणि पंखा घुर्रर्र करून फिरायला लागला, अर्धा मिनिट फिरला, परत थांबला. "कार्बन संपलेत ओ ताई. मोटर कधी फिरती, कधी नाही." कार्बन म्हणजे मोटरच्या आत करंट पोचवणारे, घासून झिजणारे तुकडे. बास. एवढंच होतं. हायवेला समोरून वारा येतो त्यामुळं पंख्याची गरज पडत नाही, थांबल्यावर तो पंखाच रेडिएटरला वारा देतो आणि एसीच्या पुढच्या जाळीला पण तोच देतो, म्हणून सिग्नलला एसी गरम. उलटं असतं, म्हणजे हायवेला जोरात पळवताना तापली असती, तर त्यांनी पाणी कमी आहे का, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, रेडिएटर आतून क्षारानं भरलाय का ते आधी बघितलं असतं. आपल्याकडं बोअरचं पाणी किती जड असतं, लोक कूलंटऐवजी तेच वर्षानुवर्षं ओततात, त्यानं रेडिएटर आतून बसतो असं म्हणाले.

नवीन मोटर आणि मजुरी धरून २,७०० रुपये झाले.

मग मी त्यांना गॅस्केटचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, बॅटरी आणली (हातातली), आणि इंजिनच्या वरच्या टॅपेट कव्हरचे बोल्ट दाखवायला लागले. कव्हर वरून पुसून चकाचक केलेलं होतं, पण बोल्टच्या मुळाशी, जिथं फडकं जात नाही तिथं, तेल आणि धूळ मिळून जो काळा दगडासारखा थर बसतो तो अख्खा होता. त्यांनी नखानं खरवडला तेव्हा खपली पडली. "हे बोल्ट वर्षानुवर्षं कुणी खोलले न्हाईत. हे कव्हर काढल्याशिवाय हेडला हात लागत नाही, आणि हेड काढल्याशिवाय गॅस्केट नाही, रिंगा तर लई लांबच्या."

मला खरंच काही सुचेना. मी मोबाईलमधला तो गॅस्केटचा फोटो दाखवला, म्हटलं मग हे काय आहे? त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला आणि म्हणाले, "मोठे गोल मोजा की ताई."

चार होते.

"तुमची गाडी तीन सिलेंडरची हाय."

हेड गॅस्केटला जेवढे सिलेंडर तेवढे मोठे गोल असतात, बारकी भोकं पाण्याची आणि ऑइलची वेगळी. माझ्यासमोर टेबलावर ठेवलेलं गॅस्केट दुसऱ्याच कुठल्यातरी मोठ्या गाडीचं होतं, शेडमध्ये पडलेलं, आणि कदाचित माझ्या आधी अजून कितीजणांना दाखवलेलं.

मिस्त्रींनी मला नंतर सांगितलं की गॅस्केट खरंच जातं, गाडी तापली की जातंच बऱ्याचदा, म्हणून तर लोकांना खरं वाटतं. पण ते गेलंय हे समोर दाखवता येतं. थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली की पाण्यात सतत बुडबुडे येतात, ऑइलच्या झाकणाला आतून दुधाच्या चहासारखा फेस लागतो, सायलेन्सरमधून पांढरा गोड वासाचा धूर येतो, बाहेर कुठं गळती नसताना कूलंट कमी होतं. आणि शंका राहिली तर स्पार्क प्लग काढून तिथं दाब मोजायचं घड्याळ लावतात, कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) बघतात, प्रत्येक सिलेंडरचा आकडा तुम्ही स्वतः वाचू शकता. माझ्या गाडीत त्यांनी हे सगळं केलं, मला वाकून बघायला लावलं, एकही खूण नव्हती. पाऊण तास लागला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी आणि हे त्या गॅरेजला गेलो. फोटो बघून मालक आधी म्हणाला पोरानं चुकून दुसरं गॅस्केट दाखवलं असंल. मग यांनी बोल्टचे फोटो दाखवले तर आवाज चढला, बाहेर कुणाकडं गाडी दाखवली की आमची वॉरंटी संपली म्हणाला. शेवटी कोपऱ्यात घेऊन पाच हजार परत देतो, विषय मिटवा. आम्ही उठून आलो.

मी १९१५ ला फोन केला, ती ग्राहक हेल्पलाइन आहे, नीट बोलतात, तक्रार नोंदवून नंबर देतात. त्यांनीच सांगितलं की पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती ही कायद्यानं सेवा आहे आणि बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइन ई-जागृती या सरकारी वेबसाइटवर पण भरता येते. मी आधी नोटीस पाठवली, रजिस्टर पोस्टानं. नोटीस मिळाली त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला, या वेळी साहेबांना द्या म्हणाला नाही. पंधरा हजार देतो, लिहून द्या की तक्रार नाही. मामा म्हणाले घे, कोर्टकचेरी नको. मी नाही म्हटलं. मामा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत, मग तिसऱ्या दिवशी स्वतःच झेरॉक्सच्या दुकानात माझ्याबरोबर आले.

यूपीआयची पावती, व्हॉट्सॲपवरचा बिलाचा कागद, चार गोलांचा फोटो, बोल्टचे फोटो, आणि मिस्त्रींनी त्यांच्या पावतीपुस्तकावर लिहून दिलेलं, की इंजिन उघडल्याच्या खुणा नाहीत, दोष फक्त फॅन मोटरचा, जुनी मोटर ग्राहकाला परत दिली. हे सगळं जोडून तक्रार दाखल केलीय, तारीख अजून यायचीय. जुनी मोटर पिशवीत बांधून कपाटात ठेवलीय. आणि काकूंच्या मुलाची गाडी उद्या सकाळी मी मिस्त्रींकडं घेऊन चाललेय, त्याला म्हटलंय तोपर्यंत एक रुपया ऍडव्हान्स देऊ नकोस.