शेजारी नकोत: वजाबाकी करायची की मोकळ्या जागा धरायच्या?

सहा जण एका रांगेत बसणार आहेत, पण अ आणि ब शेजारी नकोत. इथे दोन्ही रीती चालतात. वजाबाकी केली तर एकूण ६! (म्हणजे ६ × ५ × ४ × ३ × २ × १) = ७२० रचना, त्यातून अ-बची जोडी बांधलेल्या २ × ५! = २४० वजा; उरल्या ४८०. मोकळ्या जागा धरल्या तर आधी बाकीचे चौघे बसवायचे (२४ प्रकारे), मग त्यांच्या मधल्या आणि टोकांच्या मिळून पाच जागांत अ आणि ब ५ × ४ प्रकारे. पुन्हा ४८०. दोघांपुरता प्रश्न असेल तर हाताला बसलेली रीत वापरा.

तिसरा माणूस आला की मात्र जपून. सात जणांपैकी ठरावीक तिघांतले कोणतेही दोघे शेजारी नकोत, असं म्हटलं की बरेच विद्यार्थी तिघांचा गट बांधून ५०४० − ५! × ३! = ४३२० लिहून मोकळे होतात. त्यात दोघे चिकटून आणि तिसरा लांब, अशाही रचना आल्या! आधी चौघे, मग पाच जागांत तिघे: २४ × ६० = १४४०. म्हणजे तब्बल २८८० रचना नियम मोडून मोजल्या गेल्या. ४३२० हे ‘तिघे एकत्र नकोत’ या वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. म्हणून ‘कोणतेही दोघे’ हे शब्द दिसले की मी डोळे झाकून मोकळ्या जागांकडे वळायला सांगेन.

पण तीन जोडपी सहा खुर्च्यांवर बसणार असतील आणि कुठलंही जोडपं शेजारी नको असेल, तर ही रीत अडते, कारण आधी बसवायला बंधनाबाहेरचं कोणी उरतच नाही. तिथे आलटून पालटून वजा-अधिक करावं लागतं: ७२० − ३ × २४० + ३ × ९६ − ४८ = २४०. अधिकचं पद विसरू नका. दोन जोडपी एकदम चिकटलेल्या रचना दोनदा वजा झालेल्या असतात.

बंधन शेजाऱ्याचं नसून खुर्चीचं असेल, तर ज्याच्यावर बंधन आहे त्याला आधी बसवा. सहा जणांत अ टोकाला नको: ४ × ५! = ४८०, झालं. अ पहिला नको आणि ब शेवटचा नको, अशी दोन बंधनं आली तर वजाबाकीच सुटसुटीत: ७२० − १२० − १२० + २४ = ५०४.