कुकरचे तीन डबे, सात महिने रोज वापरून

अप्पांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हापासून आमच्याकडे रात्री तीन स्वयंपाक व्हायला लागले. अप्पांना चावता येत नाही आणि पाण्यासारखं पातळ काही दिलं की ठसका लागतो, सासूबाईंना शुगर आणि बीपी दोन्ही, आणि लेक नऊ वर्षांची, तिला चमचमीत हवं. मी ऑफिसातून सव्वासातला पोचते, अप्पांना सांभाळणाऱ्या मावशी आठला निघतात, म्हणजे मोकळे हात मिळतात ते जेमतेम पाऊण तास. त्या पाऊण तासात मला या डब्यांनी वाचवलंय, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

वस्तू साधीच आहे. ५ लिटरच्या कुकरमधे एकावर एक बसणारे स्टीलचे तीन डबे, वरच्याला झाकण, आणि सगळे एकदम उचलायला कडी. माहेरी होतेच असे, पण मी इतकी वर्षं डाळभात वेगवेगळा लावत आले. सासूबाई म्हणाल्या त्यांच्या आईकडे इकमिक कुकर होता, १९१० मधे कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिकांनी काढलेला तो, कोळशावर वाफेने शिजवायचा, म्हणजे कल्पना शंभर वर्षांहून जुनी.

माझी पद्धत सांगते. कुकरच्या तळाला दोन ग्लास पाणी आणि पिळलेल्या लिंबाची एक फोड, त्याने कुकर आतून काळा पडत नाही. खालच्या डब्यात तूरडाळ नाहीतर मूगडाळ, हळद हिंग आणि दोन थेंब तेल, मधल्यात तांदूळ, वरच्यात भाजी, म्हणजे लाल भोपळा, दुधी, गाजर, मोठ्या फोडी करून आणि भोपळ्याचं साल न काढता. तीन शिट्ट्या, मग दहा मिनिटं बारीक गॅस, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. मीठ कशातच घालत नाही, हे महत्त्वाचं, कारण पुढे वाटण्या होतात तेव्हा ज्याच्या त्याच्या ताटात ज्याचं त्याचं मीठ पडतं.

अप्पांचा भात थोडा बाजूला काढून गरम पाणी, डाळ आणि भोपळा घालून घोटते, चाळणीतून काढते, वर तूप आणि चिमूटभर मेतकूट. स्पीच थेरपिस्टनी सांगितलंय की घास एकसारखा हवा, शितं वेगळी आणि पाणी वेगळं असं अजिबात नको, शिवाय भरवताना ताठ बसवायचं आणि नंतरही अर्धा तास आडवं करायचं नाही. (तुमच्या पेशंटला किती घट्ट चालतं ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, प्रत्येकाचं वेगळं असतं.) सासूबाईंना भात दोनच चमचे, बाकी सकाळची ज्वारीची भाकरी, वाटीभर वरण आणि भाजी. उरलेल्या डाळीला मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, गोडा मसाला, आमसूल, गूळ घातला की लेकीची आणि आमची आमटी तयार. डाळ फार उरली तर दुसऱ्या दिवशी वरणफळं, भात उरला तर फ्रिजमधे ठेवून सकाळी फोडणीचा.

आता त्रास काय झाला तेही सांगते. पहिला सेट मी ऑनलाईन मागवला, ५ लिटर लिहिलेलं होतं पण तिन्ही डबे ठेवले की कुकरचं झाकणच लागेना, परत पाठवून पैसे यायला बारा दिवस गेले. दुसरा तुळशीबागेतून घेतला, घरचा कुकर पिशवीत घालून नेला आणि दुकानातच बसवून बघितला. झाकण आतून बसणारा कुकर असेल तर वर जागा कमी उरते, तिथे दोनच डबे बसतात असं दिसलं. खालचा डबा निम्म्याच्या वर भरला तर डाळ उतू जाऊन सगळं पाणी पिवळं होतं आणि शिट्टीत अडकायची भीती असते, त्यामुळे निम्माच भरायचा. कडी खूप तापते, फडक्याशिवाय हात लावू नका. आणि हरभरा, राजमा असलं कडक धान्य यात भाताबरोबर नीट होत नाही, भाताचा लगदा होतो तरी राजमा कच्चाच, ते वेगळंच लावायचं.

सहा जणांच्या वर माणसं असतील तर ५ लिटर पुरणार नाही. आम्हा पाच जणांना पुरतं, भात जरा हात राखून.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर पूर्वी अप्पांना आधी भरवून मी नऊ-साडेनऊला गार झालेलं जेवायचे, आता त्यांची खुर्ची टेबलाशी ओढून घेतो आणि सगळे एकदमच बसतो. त्यांच्या वाटीत आणि लेकीच्या ताटात एकच डाळ आहे हे त्यांना कळतं, परवा उजव्या हाताने तिच्या आमटीकडे बोट दाखवून त्यांनी मागितली. मी चमचाभर आमटी गाळून त्यांच्या भातात कालवली.