इंदूरमधील बियाणे व रोपांची अदलाबदल : एक अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर इंदूरमधील परसबाग करणारी आमची मराठी मंडळी बियाण्यांची आणि रोपांची जी अदलाबदल करतात, तिला मी यंदा दुसऱ्यांदा गेले. पैशांचा व्यवहार येथे मुळीच नाही. घरचे काही आणायचे आणि हवे ते न्यायचे.

मी अळूचे कंद नेले आणि श्रावणघेवड्याचे बी घेऊन आले. एका आजींनी ते राखेत घोळून औषधाच्या जुन्या बाटलीत ठेवले होते. राख पुसताच प्रत्येक दाणा टणक व तुकतुकीत दिसला. पेरलेल्या १२ दाण्यांपैकी १० उगवले. घेवड्याचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे घरचे बी मूळ वाणाला धरून राहते. भोपळ्याचे मात्र तसे नाही, कारण मधमाश्या शेजारच्या वेलींचे पराग आणतात, आणि संकरित टोमॅटोचे बी तर पुढच्या पिढीत एकसारखे येतच नाही. म्हणूनच पुडीवर वाणाचे नाव आणि बी धरल्याचा महिना लिहिणे सक्तीचे हवे. निम्म्या पुड्या कोऱ्या होत्या, हे मला फार खटकले.

मिळालेल्या जास्वंदीच्या पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण ही झाडाचा रस शोषणारी कीड निघाली. म्हणून आणलेले रोप दोन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवावे. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो, तेव्हा फांद्या लावताना तीत वाळू मिसळावी, हे तेथेच एका काकांनी हाताने माती कालवून दाखवले. पुढच्या वर्षी मी गवती चहाचे ठोंब नेणार आहे.