गंजक्या पिकअपची रेसर केली, डॉट ४ ब्रेक ऑइलचा अनुभव

जुनी गंजलेली पिकअप स्वस्तात घेतली एन्ड्युरन्स रेससाठी, आणि सगळे इंजिनाच्या मागे लागलेले पण मी म्हटलं आधी ब्रेक बघू, तासन् तास पळवायची तर थांबता पण आलं पाहिजे ना. तरी पहिल्या प्रॅक्टिसला जुन्याच ऑइलवर गेलो ही चूकच झाली. काही लॅपनंतर वळणाआधी पाय दिला आणि पेडल सरळ खाली गेलं, अंगावर काटा आला!

नंतर काढून बघितलं तर ऑइल काळंकुट्ट. ते हवेतला ओलावा ओढतं, पाणी मुरलं की लवकर उकळतं, आणि लाइनमध्ये वाफ झाली की पेडलचा जोर वाफ दाबण्यातच जातो. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे ग्रेड. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २०५ डिग्री, ओलावा धरल्यावर १४०, डॉट ४ चा २३० आणि १५५. रेसमध्ये हा फरक फार मोठाय.

म्हणून डॉट ४ टाकलं, पण भरताना खरा त्रास गंजाचा. ब्लीडर निपल (ब्रेकवरचा छोटा स्क्रू, त्यातून जुनं ऑइल आणि हवा काढतात) जाम, रात्रभर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलं तरी एक तुटलाच. गंजलेल्या लाइन पण बदलून टाका, त्यात कंजुषी नको. पेंटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, पेंट उचलतं.

रेसभर पेडल कडक राहिलं, मी जाम खूश आहे. मोकळ्या पिकअपची मागची चाकं लॉक होतात ते मात्र ऑइलने सुटत नाही, मागचं वजनच हलकं, त्याला प्रोपोर्शनिंग व्हॉल्व्हच (मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी करणारा) बघावा लागेल. ५ पैकी ४ स्टार, सारखं बदलावं लागतं म्हणून एक कमी.